दुधाच्या दातातलं पाणी

उभं राहून बोलायला मला कधी कुणी शिकवावं लागलं नाही. पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभी होते आणि त्यानंतरची बारा वर्षं विधान परिषदेत. शिक्षक मतदारसंघाची आमदार कुमुद बिरादार, मुक्काम उदगीर, विषय गणित आणि विज्ञान. मी उठले की मंत्र्यांच्या मागे बसलेले अधिकारी घाईघाईनं फाइली चाळायला लागतात असं लोक म्हणायचे, आणि मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू! तर त्या हिवाळी अधिवेशनात मला फक्त एकदा उठायचं होतं. दीड मिनिटाचं काम होतं. त्या दीड मिनिटाबद्दल सांगताना अजूनही माझी मलाच चीड येते, तेव्हा मध्येच आवाज चढला तर समजून घ्या.

आधी त्या यंत्राचं सांगते, कारण ते आणलं मीच.

नीलोफर काझी ही माझी विद्यार्थिनी. सातवीत शेवटच्या बाकावर बसून खडे गोळा करायची, म्हणून मी तिला दोनदा वर्गाबाहेर काढलं होतं. पुढे ती भूरसायनशास्त्रात डॉक्टर झाली आणि एक दिवस हातात एक इवलासा दात घेऊन माझ्या घरी आली. म्हणाली, "बाई, हे बघा, लेकरांची रोजनिशी."

दुधाचे दात बाळ पोटात असतानाच तयार व्हायला लागतात, साधारण चौथ्या महिन्यापासून. रोज एक अगदी बारीक थर चढतो, झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं चढतं तसा. त्या दिवशी आईच्या रक्तात जे असेल ते त्या थरात अडकून बसतं. शिसं असेल तर शिसं. आई उपाशी असेल, तापानं फणफणली असेल तर थर वेडावाकडा पडतो. बाळ जन्मलं त्या दिवसाची तर ठळक रेघच उमटते, कारण जन्म हा बाळाला मोठा धक्का असतो. त्या रेघेच्या आत पोटातले दिवस, बाहेर जगातले दिवस. पडलेला दात नीलोफरच्या यंत्रात ठेवला की लेझरचा किरण त्यावर केसाएवढी चर पाडत जायचा आणि एकेका दिवसाचा हिशोब पडद्यावर यायचा. यंत्राला नाव दिलं दंतवाचक, आणि त्यातून निघणाऱ्या कागदाला दंतपत्रिका.

आमच्याकडे पडलेला दात शेणात घोळवून घरावर फेकायची पद्धत. त्याऐवजी लेकरांनी तो शाळेत आणावा, अशी योजना मी सरकारच्या गळी उतरवली. आणि फायदा झाला हो! पहिल्याच वर्षी एका वस्तीतल्या एकोणतीस लेकरांच्या दातांत शिसं सापडलं. शोध घेतला तर मागच्या बाजूला जुन्या बॅटऱ्या वितळवायचा धंदा चाललेला. तो बंद झाला, लेकरांवर उपचार झाले. त्यांच्या आया माझ्या पाया पडायला आल्या आणि मी पडू दिलं.

उद्घाटन उदगीरच्या शाळेत झालं. सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची ही आम्हा पुढाऱ्यांची खोड. लस आली की पहिली आम्ही टोचून घेणार आणि फोटो काढणार. माझ्या ऋजुताचा पहिला दात त्याच आठवड्यात पडला होता. सहा वर्षांची होती. पुढचं खिंडार दाखवत, खिदळत तिनं तो डबीतून यंत्रात टाकला. दातांच्या डब्यांवर नावं लिहायची नाहीत, फक्त क्रमांक टाकायचे, म्हणजे माहिती गुप्त राहील, ही अटही माझीच होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत फोटो आला, माझा, ऋजुताचा आणि डबीवरच्या ठसठशीत आकड्याचा. नमुना क्रमांक एक.

इतकी अक्कलवान बाई मी.

आता जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते सांगते. ऋजुता माझ्या पोटची नाही. माझ्या भावाची मुलगी प्रांजली एकोणिसाव्या वर्षी भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती. तिकडेच ते घडलं, मुलगा पळून गेला, आणि तिनं पाचव्या महिन्यात मला फोन केला. बापाला नाही, आईला नाही, आत्याला. मी चव्वेचाळीस वर्षांची, वीस वर्षं लेकरासाठी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवलेली. मी आणि ह्यांनी एका रात्रीत ठरवलं. प्रांजली तिकडेच राहिली, बाळंत झाली, आणि तीन दिवसांचं बाळ आम्ही उदगीरला आणलं. ह्यांच्या एका डॉक्टर मित्रानं जन्माच्या नोंदीत आईच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. कायदेशीर दत्तक घेतलं असतं तर कागदावर प्रांजली आली असती, म्हणून घेतलं नाही. गुन्हा होता तो, मला माहीत होतं. प्रांजली पुढे शिकली, लग्न झालं, नाशिकला संसार थाटला. नवऱ्याला यातलं अक्षर माहीत नाही.

मग तुम्ही विचाराल, विज्ञानाची मास्तरीण असून तिनं तो दात यंत्रात घातलाच कसा? तर तेव्हा यंत्र फक्त शिसं आणि उपासमार वाचायचं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. माझं चुकलं ते पुढेच. दात एकदाच वाचतात, पण ते वाचन साठवून ठेवतात. त्याला नवे प्रश्न कधीही विचारता येतात. चार वर्षांनी विचारले.

चार वर्षांत योजना राज्यभर गेली आणि मग सरकारनं तिचा कायदा करायला घेतला. बालआरोग्य व शिक्षण समन्वय विधेयक. विधेयक वाचलं आणि माझं डोकं फिरलं. दंतपत्रिका आता शाळेला मिळणार होती, आणि तिच्यावरून पोरांच्या तुकड्या पडणार होत्या. आरोग्य कार्डावर पोटातल्या दिवसांचे दोष छापले जाणार होते, आणि त्या दोषातून आलेल्या आजारांवर सरकारी योजनेतून उपचार मिळणार नव्हते. खंड चौदा तर सगळ्यांवर कडी करणारा होता. सगळी वाचनं कायमची जपून ठेवायची, आणि लोकहितासाठी केव्हाही, कशासाठीही पुन्हा वाचायची. लोकहित म्हणजे काय ते कोण ठरवणार? सरकार!

काही शाळांनी कायद्याची वाटही पाहिली नाही. अधिवेशनाच्या आधी वीटभट्टीवर काम करणारी शेवंता माझ्याकडे आली. सोबत पाचवीतली पायल. शेवंता उंबऱ्यातच बसली, आत या म्हटलं तरी येईना.

"पालकांच्या मीटिंगीत पडद्यावर दावलं, बाई," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या दातातली रेघ. गुरुजी म्हनले, आईनं सातव्या-आठव्या महिन्यात पोटभर खाल्लेलं नाही, म्हनून लेकराचं डोकं मागं पडतंय. तिला वेगळ्या तुकडीत टाकलं. तिथं गणित न्हाई, कागदी पिशव्या करायला शिकवतेत. समद्या बाया माझ्याकडं बघायल्या. मी काय हौसेनं उपाशी राहिले होते का, बाई? तुम्ही सांगा."

मी पायलला सतराचा पाढा विचारला. तिनं तो खडाखडा म्हटला, आणि एकोणिसाचाही, न विचारता.

"शेवंता," मी म्हणाले, "मी सभागृहात उभी राहीन. हे होऊ देणार नाही."

मी खंड चौदावर दुरुस्ती दिली. उपचार झाले की वाचन पुसून टाकायचं, शाळेला द्यायचं नाही, आईबापाच्या संमतीशिवाय पुन्हा वाचायचं नाही. परिषदेत सरकारला बहुमत काठावरचं होतं. आम्हा शिक्षक आणि पदवीधर आमदारांचा पाच जणांचा गट होता आणि तो माझ्यामागे यायचा. हिशोब सरळ होता. मी दुरुस्ती मांडली की ती मंजूर होत होती.

पण मांडायची म्हणजे काय, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. दुरुस्ती लेखी दिलेली असली तरी सभापती नाव पुकारतात तेव्हा सदस्यानं जागेवर उठून "मी माझी दुरुस्ती मांडते" असं म्हणावं लागतं. न उठलं तर ती मेली. मतदान नाही, चर्चा नाही. नोंदीत एक ओळ येते, दुरुस्ती मांडण्यात आली नाही, आणि गाडी पुढे.

विधेयक बुधवारी होतं. मंगळवारी सकाळी नागपूरच्या आमदार निवासात मंत्र्यांचे खाजगी सचिव खानझोडे माझ्या खोलीवर आले. अत्यंत सभ्य माणूस. चहा घेतला, साखर कमी आहे म्हणून कौतुक केलं, आणि मग एक बंद पाकीट टेबलावर ठेवलं.

"साहेबांना काळजी वाटते, ताई. म्हणून मला पाठवलं."

"कसली काळजी?"

"तुम्ही वाचा नं आधी."

क्रमांक एकची दंतपत्रिका होती. पण नवी. खाली दोन रकाने वाढले होते, पाणी आणि दूध. मी विज्ञानाची बाई, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपण पितो त्या पाण्यात जमिनीतल्या खडकातलं स्ट्रॉन्शियम उतरतं, आणि ते हाडादातांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. उदगीरचा खडक काळा, लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांचा. भंडाऱ्याचा खडक त्याच्या कितीतरी पट जुना. दोन्हीकडच्या स्ट्रॉन्शियमचं वजन वेगळं, अंगठ्याच्या ठशासारखं. आणि दूध बदललं की दातातलं बेरियमही बदलतं. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. जन्मरेषेच्या आत पूर्व विदर्भ. जन्मरेषेनंतर तिसऱ्या दिवसापासून मराठवाड्याचा काळा खडक. आईचं दूध तीन दिवस. त्यानंतर पावडरचं.

मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"स्थलांतरित मजुरांची मुलं शोधायला हे पाण्याचं वाचन जोडलं नं, ताई," खानझोडे अगदी हळू आवाजात सांगत होते. "उदगीरच्या यादीत तेवीस मुलं निघाली. त्यात क्रमांक एक. आता क्रमांक एक कोण, हे उभ्या महाराष्ट्रानं पेपरात पाहिलेलं. आमच्या एका पोराच्या लक्षात आलं. आम्ही लगेच ते वाचन वेगळं काढून ठेवलं. त्या साली तुमच्या भाची भंडाऱ्याला होत्या नं? माझी साळी त्याच कॉलेजात शिकवते, म्हणून कळलं. बाकी काही नाही."

"धमकी देताय?"

"राम राम! काय बोलता, ताई?" त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "माहिती एकदम सुरक्षित आहे. आमच्याकडे. तुम्ही फक्त बुधवारी दमलेल्या आहात, एवढंच. नाव पुकारलं तर बसून राहायचं. विरोधात बोला म्हणत नाही, मत द्या म्हणत नाही. बसायचं फक्त." जाताना दारात वळून त्यांनी विचारलं, "कशी आहे ऋजुता?"

त्या माणसाच्या तोंडावर चहाचा कप फेकून मारावा असं वाटलं. "बरी आहे," मी म्हणाले.

ह्यांना फोन केला. हे गाडीत होते, ऋजुताला घेऊन नागपूरला येत होते. आईचं भाषण वरच्या गॅलरीतून बघायचं म्हणून तिनं महिनाभर डोकं खाल्लं होतं. हे गाडी थांबवून बाहेर उतरले, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "बस कुमुद. एक कायदा गेला तर दुसरा येईल. आपल्याला पोर दुसरी नाही."

माझं मन वेगळं सांगत होतं. अब्रू माझी होती, ती मी गेली खड्ड्यात म्हणू शकत होते. आमदारकी जाईल, गुन्हा दाखल होईल, होऊ दे. ऋजुताला आपणच आधी सांगू, जवळ घेऊन सांगू, आणि बुधवारी उभं राहू. संध्याकाळपर्यंत मी जवळजवळ ठरवलं होतं. फक्त प्रांजलीला विचारायचं बाकी होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, तुझं तू सांग. माझं नाव मात्र तुझ्या तोंडून जाऊ नये."

"अगं, नाव मी नाही घेणार. पण भंडारा म्हटलं की आपल्या लोकांना दोन आणि दोन चार करायला किती वेळ लागतो?"

"तेच म्हणतेय मी." तिनं आवाज खाली आणला. "माझं लेकरू दीड वर्षाचं आहे. सासू घरात आहे. हे मला एका दिवसात घराबाहेर काढतील, आत्या. लेकरू ठेवून घेतील. तू मला तेव्हा काय म्हणाली होतीस? मी जिवंत असेपर्यंत कुणाला कळणार नाही. म्हणाली होतीस की नाही?"

"म्हणाले होते."

"मग?"

मग काय! उठावं तर प्रांजलीचं घर मोडतं, बसावं तर शेवंताचं लेकरू कागदी पिशव्या करतं. मी कुठंही हलले तरी कुणाच्या तरी अंगावर पाय पडत होता. त्या खोलीत मी येरझारा घालून घालून दमले आणि शेवटी पलंगावर बसून रडले. रागानं रडले.

बुधवारी सकाळी विधानभवनाच्या कँटीनमध्ये नीलोफर भेटली. तज्ज्ञ म्हणून तिला बोलावलं होतं. मी तिला कागद दाखवला. तिनं दोन मिनिटं तो वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"बाई, मी हे जोडायला नको म्हणाले होते," ती पुटपुटली. "माझं कुणी ऐकलं नाही. यंत्र आता माझं राहिलेलं नाही."

"मी बसले तर हे मिटेल का?"

"नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. "वाचन तिथंच राहणार. आज ह्या मंत्र्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्यात अजून काय काय वाचता येईल ते मलाही माहीत नाही. ते पुसायचा एकच मार्ग आहे, तुमची दुरुस्ती."

बघा कसा फास होता! तो कागद जगातून नाहीसा करायचा तर मला उभं राहायला हवं होतं, आणि उभी राहिले असते तर तो कागद त्याच संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर दिसला असता. विधेयकावर राज्यपालांची सही होऊन कायदा लागू होईपर्यंत महिने जाणार होते. खानझोड्यांना पंधरा मिनिटं पुरली असती.

दुपारी दोनच्या सुमारास विधेयक आलं. वर गॅलरीत हे आणि ऋजुता बसले होते. तिनं निळा स्वेटर घातला होता आणि हात हलवायला मनाई आहे म्हणून नुसती बोटं हलवत होती. मंत्र्यांचं भाषण झालं. खंड एक ते तेरा मंजूर झाले. माझ्या गटातले चौघं माझ्याकडे बघून मान हलवत होते, की बाई, तयार आहोत.

"खंड चौदा," सभापती म्हणाले. "यावर सन्माननीय सदस्या श्रीमती बिरादार यांची दुरुस्ती आहे. श्रीमती बिरादार."

मी बाकाची कड धरली. पायांत ताकद होती, चांगली होती. मी उठू शकले असते.

"श्रीमती बिरादार?"

शेजारच्या बाकावरच्या भिसे सरांनी मला कोपरानं ढोसलं. "बाई, तुमचं नाव. अहो बाई!"

मी समोरच्या कागदाकडे बघत राहिले.

"दुरुस्ती मांडण्यात आलेली नाही. खंड चौदा विधेयकाचा भाग व्हावा या बाजूचे सदस्य होय म्हणतील."

होय म्हणाले. झालं. दीड मिनिटसुद्धा लागलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर ऋजुता पळत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "आई, त्यांनी तुझं नाव घेतलं होतं ना? दोनदा घेतलं. तुला ऐकू नाही आलं का?"

"डोकं दुखत होतं बाळा," मी म्हणाले. ती लगेच माझ्या पर्समधून पाण्याची बाटली काढायला लागली. हे दुसरीकडे बघत उभे होते.

त्यानंतरची तीन वर्षं मी आमदार होते असं कागद सांगतात. शाळांच्या एकत्रीकरणाचं विधेयक आलं, तालुक्याच्या दवाखान्यांचं आलं, शिक्षकांच्या बदल्यांचं आलं. दर वेळी आदल्या दिवशी खानझोडे लॉबीत कुठंतरी भेटायचे, नमस्कार करायचे, आणि विचारायचे, "कशी आहे ऋजुता?" बस, एवढंच. त्यानंतर दुसऱ्या दिवशी मला बरं नसायचं, किंवा मी कँटीनमध्ये असायची. भिसे सरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मतदारसंघात लोक म्हणायला लागले, बाईंना मंत्रिपदाचं गाजर दिसतंय. म्हणू देत होते. गाजरापायी बसते हे तरी लोकांना समजेल असं कारण होतं.

शेवंता एकदा बाजारात दिसली. मला बघून तिनं मान फिरवली नाही, उलट थांबली, आणि म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, बाई." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. पायल अजून त्याच तुकडीत होती.

ऋजुताला सांगायचं मी रोज ठरवायची. परीक्षा झाली की सांगू, सुट्टी लागली की सांगू, थोडी मोठी झाली की सांगू. शाळेत पोरांना गृहपाठ पुढे ढकलल्याबद्दल मी बाकावर उभं करायची, आणि स्वतः तीन वर्षं हेच केलं. सांगितलं तर ती विचारणार, मग माझी आई कोण, आणि ते नाव सांगायचं नाही असा शब्द दिलेला. अर्धं सांगता येत नव्हतं आणि पूर्ण सांगायचा हक्क नव्हता.

मार्चमध्ये कायद्याखालचे नवे नियम निघाले. पन्नास पानी राजपत्र. मी ते वाचलंच नव्हतं. वाचून तरी काय करायचं होतं, म्हणून उघडलंही नाही. त्यात नियम सतरा होता. सातवी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला निकालासोबत त्याची दंतपत्रिका हाती देण्यात यावी. विद्यार्थ्यांना आपल्या आरोग्याची जाणीव व्हावी म्हणे. खानझोड्यांनी जे वाचन वेगळं काढून ठेवलं होतं, ते छापणाऱ्या यंत्राला कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणाचा डाव नाही, सूड नाही. एक मे रोजी शाळेनं निकाल वाटले, आणि क्रमांक एकचा कागद क्रमांक एकच्या हातात दिला.

मी स्वयंपाकघरात कैऱ्या चिरत होते. ऋजुता दप्तर न टाकताच आत आली. तेरा वर्षांची, माझ्या खांद्याच्या वर गेलेली. हातात दोन कागद. निकाल तिनं ओट्यावर ठेवला, दुसरा हातातच धरला.

"आई, आम्हाला बाईंनी वर्गात वाचायला शिकवलं हे," ती म्हणाली. "मला वाटलं माझं चुकतंय. मी दोनदा वाचलं. बाईंनी पण वाचलं, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत."

मी सुरी खाली ठेवली.

"मी पोटात असताना तू कुठं होतीस?"

तोंडाशी खोटं तयार होतं. ह्यांनी ते केव्हाच रचून ठेवलं होतं. भंडाऱ्याला माझी बदली झाली होती, नाहीतर तिकडच्या डॉक्टरांचे उपचार चालू होते. पण तीच पुढे म्हणाली, "डोहाळजेवणाचा फोटो तर ह्याच घरातला आहे. मागे तोच झोपाळा आहे." तो फोटो पोटाला उशी बांधून काढलेला होता. शेजारणींना दाखवायला.

चारशेच्या वर तारांकित प्रश्न विचारलेत मी सभागृहात. मंत्री उत्तर टाळायला लागला की त्याचे डोळे कसे फिरतात ते मला लांबून कळायचं. ऋजुता माझ्या डोळ्यांकडेच बघत होती.

"इथंच होते," मी म्हणाले. "उदगीरला. ह्याच घरात."

तिनं हातातला कागद निकालावर ठेवला. मग तिनं हळूच विचारलं, "मग मी कुणाच्या पोटात होते?"

दाही दिशांनी मला तो प्रश्न येऊन भिडला. नाव जिभेवर होतं. ते गिळावं तर समोर माझी लेक उभी होती, आणि सांगावं तर ते माझं नव्हतंच. तेवढ्यात मला सुचलं, की ह्या सगळ्या वर्षांत एक साधी गोष्ट कुणीच केली नव्हती. सरकारनं नाही, यंत्रानं नाही, शाळेनं नाही. ज्याचं आहे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी तरी कुठं विचारलं होतं? प्रांजलीला विचारलं तेही फक्त सभागृहापुरतं. सहा वर्षांच्या पोरीला डबी दिली आणि हसायला सांगितलं.

ओले हात पदराला पुसून मी फोन घेतला आणि नाशिकला लावला. तिसऱ्या घंटीला उचलला. मागे कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता, आणि पाठोपाठ सासूबाईंचा.

"आत्या? बोल."

"प्रांजली, तिला कळलंय," मी म्हणाले. "शाळेनं कागद दिला. ती समोर उभी आहे आणि विचारतेय कोण म्हणून. तुझं नाव सांगू का? तू नाही म्हणालीस तर नाही सांगणार. तिला सांगेन की मला सांगता येत नाही, आणि ती मला काय म्हणायचं ते म्हणेल."

पलीकडे कुकर बंद झाला. एक दार लागल्याचा आवाज आला. ऋजुता माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती.

"आत्या," प्रांजली म्हणाली, "फोन तिच्याकडे दे."

मी तो ऋजुताच्या हातात दिला.